पुन्हा मांडलेली लढाई

दिवाळी जवळ आली, की महाराष्ट्रातील कितीतरी घरांच्या अंगणांत किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेले पोते पसरावयाचे, त्यावर मातीचा लेप द्यावयाचा, तट आणि बुरूज उठवावयाचे, उतारावर आळीव किंवा मोहरी पेरावयाची, आणि कोवळी रोपे वर आली म्हणजे त्यांच्यामधून बाजारातून आणलेले मातीचे मावळे उभे करावयाचे, हा मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग आहे. सिंहासनावर महाराज विराजमान होतात, दरवाजावर पहारेकरी उभे राहतात. हे सैनिक मात्र जेथे ठेवले तेथेच राहतात. भाऊबीज उलटली तरी पहारेकऱ्याचे एक पाऊलही पुढे पडत नाही. हेच सैनिक जर काही नियमांनी चालू लागले, तर शोभेच्या मांडणीतून युद्धाचा खेळ निर्माण होतो. आणि तो खेळ संपल्यावर पुन्हा जसाच्या तसा पाहावयाचा असेल, तर संगणकाची मदत घ्यावी लागते.

समजा, बीड जिल्ह्यातील नेकनूर गावी एका घरातील बहीण-भावांनी असा खेळ मांडावयाचे ठरवले. गावच्या आठवडी बाजारातून मातीचे सैनिक आणले, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद फळी मिळवली आणि लढाई निवडली ती राक्षसभुवनची. ही निवड योग्यच म्हटली पाहिजे. राक्षसभुवन हे गाव त्यांच्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण काठावर वसलेले आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे पेशवे आणि हैदराबादचा निजाम यांच्या सैन्यांची गाठ पडली. त्याच वर्षी निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले होते, आणि मराठ्यांच्या फौजा निजामाच्या मुलखात धुमाकूळ घालीत होत्या. पावसाळा आला तेव्हा निजामाने औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, वाट धरली. वाटेत गोदावरी आडवी होती. निजाम स्वतः काही फौजेसह नदी उतरून उत्तर काठावर गेला. उरलेली फौज घेऊन त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अजून दक्षिण काठावरच होता. नदीला पूर आला होता. नेमक्या याच वेळी मराठ्यांनी दक्षिण काठावरील फौज गाठली.

लढाई सोपी झाली नाही. एका क्षणी राघोबादादा शत्रूच्या वेढ्यात सापडले. तेव्हा त्यांचे पुतणे माधवराव पेशवे ताज्या तुकड्या घेऊन धावून आले आणि पारडे फिरले. माधवरावांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. पैलतीरावर निजामाची फौज उभी होती. परंतु पुरामुळे तिला मदतीस येता आले नाही. पुढच्याच महिन्यात तह झाला. या लढाईत तलवारी आणि भाले यांच्याइतकेच काम नदीने केले, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचाच प्रश्न येणार आहे.

फळीवर युद्ध खेळण्याची कल्पना नवी नाही. बुद्धिबळाचा पूर्वज जो चतुरंग, त्याच्या नावातच सैन्याची हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही चार अंगे आहेत. परंतु बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाही, नदी नाही आणि पाऊसही पडत नाही. जमिनीसह लढाई मांडण्याचा मोठा प्रयत्न युरोपात प्रशिया या राज्यात झाला. १८१२ साली राइसवित्स नावाच्या गृहस्थाने तेथील राजाला एक मेज दाखवले. त्यावर टेकड्या, रस्ते आणि नद्या दर्शवणारे साचे हवे तसे मांडता येत असत. पुढे १८२४ साली त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, मेजाऐवजी नकाशा घेतला आणि खेळाचे नियम पक्के केले. नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ऐंशी मीटर. एक पाळी म्हणजे लढाईतील दोन मिनिटे. माराचा परिणाम फाशाने ठरवावयाचा. आणि दोन्ही बाजूंमध्ये एक पंच बसवावयाचा. प्रशियाचे लष्करी अधिकारी हा खेळ अभ्यास म्हणून खेळू लागले. मुलांसाठी असा खेळ पुस्तकरूपाने लोकप्रिय केला तो एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने, १९१३ साली. त्याच्या खेळात शिशाचे सैनिक आणि लाकडी गोळी उडवणाऱ्या खेळण्यातील तोफा असत.

नेकनूरच्या या मुलांनीही आपले नियम ठरवले. फळीची लांबी १८० सेंटिमीटर आणि रुंदी १२० सेंटिमीटर. दक्षिणेच्या कडेपासून ७० व्या सेंटिमीटरपासून ७८ व्या सेंटिमीटरपर्यंत निळ्या कापडाची गोदावरी. पायदळाने एका पाळीत १५ सेंटिमीटर चालावे, घोडदळाने ३०. अंतर शिंप्याच्या टेपने मोजावे. खेळात थोडी गंमत यावी म्हणून त्यांनी एक सवलत ठेवली: पाचव्या पाळीनंतर पूर ओसरतो आणि एका जागी, पश्चिमेच्या कडेपासून ११० सेंटिमीटरवर, नदीला उतार मिळतो. खऱ्या लढाईत असे घडले नाही. पण घडले असते तर काय झाले असते, हे पाहण्यासाठीच तर असे खेळ खेळावयाचे असतात. बहिणीने मराठ्यांची बाजू घेतली आणि भावाने निजामाची.

सहाव्या पाळीत भावाचे घोडदळ नदी उतरून आले आणि विठ्ठल सुंदरची मोडत आलेली रांग सावरली. भाऊ जिंकला. सैनिक टोपलीत गेले, निळे कापड घडी करून ठेवले गेले, आणि रात्री जेवताना वाद सुरू झाला.

“तुझे घोडे इतक्या लवकर आले कसे?”

“ताई, सहाव्या पाळीतच पोचले होते. तूच तर टेप धरला होतास!”

टेप तिनेच धरला होता, हे खरे. पण तो कोठून कोठे धरला होता, हे दोघांपैकी कोणालाच आठवेना. फळी रिकामी झाली होती. लढाई जेथे झाली, तेथे काहीच उरले नव्हते.

बुद्धिबळात असा वाद फार काळ टिकत नाही. तेथे प्रत्येक घराला नाव असते आणि प्रत्येक खेळी कागदावर लिहिली जाते. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जिया देशातील बातुमी या शहरी कोनेरू हंपी हिच्यावर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या डावांच्या खेळ्या ज्याच्या हाती आहेत, असा कोणताही मुलगा आपल्या घरच्या पटावर ते डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडू शकतो. त्यासाठी चित्र लागत नाही की चलच्चित्र लागत नाही. काही ओळी पुरतात. सोंगट्यांची सुरुवातीची मांडणी सर्वांना ठाऊक आहे आणि नियमही सर्वांना ठाऊक आहेत. तेव्हा खेळ्या तेवढ्या ठेवल्या, की संपूर्ण डाव ठेवला गेला.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधील आहे. १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला. त्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम विल्यम सायबोर्न या अधिकाऱ्याने १८३० साली हाती घेतले. तो आठ महिने तेथे राहून जमीन मोजत होता. लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे लिहिली आणि सायंकाळी सुमारे सात वाजता त्यांची पलटण कोठे होती, हे विचारले. उत्तरे एकमेकांशी जुळेनात. तरीही त्याने हजारो चिमुकल्या सैनिकांची ती प्रतिकृती पुरी केली, आणि १८३८ साली लंडनच्या लोकांनी ती पाहिली. काम अद्भुत होते यात शंका नाही. तथापि त्यात एकच क्षण होता. सात वाजण्यापूर्वी काय झाले आणि नंतर काय झाले, हे ती प्रतिकृती सांगू शकत नव्हती. दिवाळीच्या किल्ल्याचे आणि तिचे नाते या बाबतीत अगदी जवळचे म्हणावे लागेल.

लढाई पुन्हा पाहावयाची, तर क्षण साठवून भागत नाही. बदल साठवावे लागतात. संगणकासाठी आज्ञावली, म्हणजेच ज्याला व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात ते, तयार करताना ही पहिली गोष्ट ठरवावी लागते. आज्ञावलीला तीन गोष्टी द्यावयाच्या: प्रारंभीची मांडणी, खेळाचे नियम, आणि प्रत्येक पाळीत काय केले त्याची नोंदवही.

बुद्धिबळासारखी घरे या फळीवर नाहीत, म्हणून पथकाची जागा दोन संख्यांनी सांगावी लागते. पश्चिमेच्या कडेपासून अंतर किती, ही पहिली संख्या. दक्षिणेच्या कडेपासून अंतर किती, ही दुसरी. ‘१०५, ८६’ असे म्हटले, की फळीवरील एकच एक बिंदू निश्चित होतो. पथकाचे तोंड कोणत्या दिशेस आहे, ही तिसरी संख्या, कारण पाठीवरून आलेला हल्ला आणि समोरून आलेला हल्ला यांत फार फरक असतो. शिवाय पाळीचा क्रमांक, पथकाचा क्रमांक आणि उरलेल्या सैनिकांची संख्या लागते. दोन्ही बाजूंची मिळून ४० पथके असली आणि खेळ १२ पाळ्यांचा झाला, तर ४८० ओळी होतात. प्रत्येक ओळीत सहा संख्या धरल्या, तर अवघ्या २,८८० संख्या. शाळेच्या एका वहीत ही सारी लढाई मावेल. भ्रमणध्वनीवर काढलेले एकच छायाचित्र संगणकात याहून कितीतरी पट अधिक जागा व्यापते, आणि तरीही त्यातून लढाई पुढे सरकत नाही.

या संख्या पडद्यावर उमटवण्याचे काम फारसे अवघड नाही. मुलांसाठी अमेरिकेतील एका विद्यापीठात तयार झालेली आणि २००७ साली सर्वांस खुली झालेली ‘स्क्रॅच’ नावाची प्रणाली आहे. तिचा रंगमंच ४८० पावले रुंद आणि ३६० पावले उंच असतो, आणि मोजणी मध्यबिंदूपासून होते. फळीवरील पहिल्या संख्येतून ९० वजा करावे, दुसऱ्या संख्येतून ६० वजा करावे आणि दोन्ही उत्तरांची दुप्पट करावी, म्हणजे फळीवरची जागा रंगमंचावर येते. ‘१०५, ८६’ या जागी उभे असलेले पथक तेथे ‘३०, ५२’ या जागी दिसेल. मोठ्यांच्या मेजावरील खेळांसाठी ‘व्हॅसल’ नावाची आज्ञावली विनामूल्य मिळते. तीही खेळलेल्या चालींची नोंद ठेवते आणि मागाहून त्या एकामागून एक करून दाखवते.

आता फाशाकडे वळू. लाकडी फासा टाकला असेल, तर पडलेले दान नोंदवहीत लिहिण्यावाचून दुसरा मार्ग नाही. तेच दान पुन्हा पडावे म्हणून कितीही प्रार्थना केली, तरी फासा ऐकत नाही. संगणकाचा फासा मात्र वेगळा आहे. तो वस्तुतः फासा नसून गणित असते. एक छोटे उदाहरण करून पाहण्याजोगे आहे. ७ ही संख्या घ्यावी. तिला ५ ने गुणावे, ३ मिळवावे आणि आलेल्या उत्तरास १६ ने भागून बाकी घ्यावी. ३८ ला १६ ने भागले, की बाकी ६ उरते. आता ६ घेऊन तेच करावे. बाकी १ येते. पुढे ८, ११, १० अशा संख्या येत राहतात. त्या प्रत्येकीला ६ ने भागून बाकीत १ मिळवला, की १, २, ३, ६, ५ अशी दाने पडतात. पाहणाऱ्यास ती दैवाची वाटतात, परंतु पुन्हा ७ पासून आरंभ केला, तर पुन्हा हीच दाने याच क्रमाने पडतील. या आरंभीच्या संख्येला बीज म्हणतात. खऱ्या आज्ञावलीत फार मोठ्या संख्या वापरतात, एवढाच भेद. लढाई संगणकावरच खेळली असेल, तर शेकडो दाने लिहून ठेवण्याऐवजी एक बीज लिहिले, तरी चालते.

तरीसुद्धा शहाणा आज्ञावलीकार दानांचे परिणामही लिहून ठेवतो. त्याचे कारण असे, की मुले नियम बदलतात. पुढच्या दिवाळीस घोडदळाला ३० ऐवजी २५ सेंटिमीटर चालावयास लावले, आणि नव्या नियमांनी जुनी नोंदवही चालवली, तर गेल्या वर्षी जिंकलेला यंदा हरेल. म्हणून कोणत्या नियमांनी खेळ झाला, हेही नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे.

लढाई मागे नेणे हे पुढे नेण्याहून कठीण असते, ही गोष्ट प्रथम ऐकताना विचित्र वाटते. समजा, नियम असा आहे की हल्ल्यात हरलेल्या पथकाचे निम्मे सैनिक उरावेत आणि अर्धा आल्यास तो सोडून द्यावा. सात सैनिकांचे पथक हरले, तीन उरले. आता मागे जाताना संगणकाने तिनाची दुप्पट केली, तर सहा होतात. सातवा सैनिक कोठे गेला? यावर उपाय साधा आहे. मागे जावयाचेच नाही. नवव्या पाळीवरून आठव्या पाळीवर यावयाचे असेल, तर संगणक पहिल्यापासून आठ पाळ्या नव्याने खेळतो. हे काम तो इतक्या त्वरेने करतो, की पाहणाऱ्याला तो एक पाऊल मागे सरकला असेच वाटते.

आता त्या घोडदळाकडे येऊ. बहीण-भावांनी दुसऱ्या वेळी तीच लढाई जमेल तशी आठवून नोंदवहीत भरली. भावाच्या घोडदळाची ओळ अशी होती: सहावी पाळी, आरंभी ‘१०५, ८६’, शेवटी ‘९०, ६२’. या दोन जागांमधील सरळ अंतर सुमारे २८ सेंटिमीटर भरते. मर्यादा ३० ची असल्यामुळे चाल नियमात बसली. मुलांनी पाळी सुरू केली आणि पडद्यावरील घोडेस्वार तिरपे निघाले. पाहता पाहता ते निळ्या पट्ट्यात शिरले आणि सरळ पलीकडे आले.

नदी त्यांनी ओलांडली ती ‘१००’ या रेघेवर. उतार होता ‘११०’ या रेघेवर. म्हणजे ते पुराच्या पाण्यावरून चालत आले होते!

संगणकाचा यात दोष नव्हता. त्याला पाळीच्या आरंभीची जागा आणि शेवटची जागा एवढेच सांगितले होते. मधला मार्ग त्याने सर्वांत सोपा म्हणून सरळ रेषेत काढला. निळा पट्टा म्हणजे पाणी, आणि पाण्यातून घोडे उताराशिवाय जात नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. रंग हा त्याच्या लेखी केवळ रंग असतो. तेव्हा नोंदवहीत मधल्या जागाही घालाव्या लागल्या: प्रथम उताराच्या उत्तर टोकापर्यंत, म्हणजे ‘११०, ७८’, तेथून पलीकडे ‘११०, ७०’, आणि मग ‘९०, ६२’. या तीन तुकड्यांची बेरीज सुमारे ३९ सेंटिमीटर होते. घोडदळ एका पाळीत ३० च चालू शकते. याचा अर्थ ती कुमक सहाव्या पाळीत पोचणे शक्यच नव्हते. ती सातव्या पाळीत पोचली असती, आणि विठ्ठल सुंदरची रांग तोवर मोडली असती. टेप बहिणीनेच धरला होता, हे खरे. पण तो निळ्या कापडावरून सरळ धरला होता. भावाने लबाडी केली नव्हती, बहिणीने डोळेझाक केली नव्हती. दोघांच्याही ध्यानातून नदी सुटली होती.

फळीवरच्या खेळाचा निकाल असा लावता येतो, कारण तेथे घडलेले सारे काही दोन मुलांच्या डोळ्यांसमोर घडले. १७६३ ची खरी लढाई त्याच रीतीने पडद्यावर आणू म्हटले, तर अडचण निराळी आहे. त्या दिवशी पाळ्या नव्हत्या, टेप नव्हता, आणि पथकांच्या जागा कोणी सेंटिमीटरांत मोजल्या नव्हत्या. जे काही कळते, ते लोकांनी लिहिलेल्या पत्रांतून आणि नंतर लिहिलेल्या वृत्तान्तांतून. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा कागदांचे रुमालच्या रुमाल जपून ठेवलेले आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत छापून काढले. पत्र लिहिणारा रणधुमाळीत कोठे उभा होता आणि त्याला काय दिसले, यावर त्याचा वृत्तान्त अवलंबून असतो. सायबोर्नला जो अनुभव आला, तो इतिहास अभ्यासणाऱ्या प्रत्येकाला येतो.

यास्तव खऱ्या लढाईच्या नोंदवहीत आणखी एक रकाना लागतो. त्याचे शीर्षक ‘कशावरून?’ एवढेच. पथक अमुक जागी होते हे पत्रावरून कळले, की जमिनीच्या चढउतारावरून तर्क केला, की मधली पोकळी भरावयाची म्हणून घातले, हे त्या रकान्यात लिहावयाचे. हा रकाना नसेल, तर पडद्यावरचे सर्व घोडेस्वार सारख्याच ऐटीने दौडतात, आणि ठाऊक असलेले कोणते व कल्पिलेले कोणते, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्गच राहत नाही. चांगली आज्ञावली या रकान्यानुसार रंग बदलते. पुरावा असलेले पथक गडद दिसते, तर्काने घातलेले फिके.

राक्षसभुवनची लढाई अशा रीतीने मांडली, तर गोदावरी आणि तिचा पूर गडद उमटतात. दक्षिण काठावर विठ्ठल सुंदर, पैलतीरावर निजाम, वेढ्यात राघोबादादा आणि त्यांच्या मदतीस निघालेले माधवराव, हेही गडद. त्यांच्या भोवतालची बहुतेक पथके फिकी असतात. एखादे जुने पत्र उजेडात आले, की त्यांतले एखादे गडद होते. आणि कधी कधी ते आपल्या जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवावे लागते.